जाळीवरचे पांढरे टाके

तंबूमास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं, पण हातात कसब होतं. फाटका तंबू त्यांच्याकडे गेला की ठिगळ कुठे बसलं ते शोधूनही सापडत नसे. वयाबरोबर नजर मंदावली, बोटं थरथरू लागली, तेव्हा मुलाने निक्षून सांगितलं, "बाबा, एक जरी तक्रार आली तरी दुकानाला कुलूप." त्यालाही आता दीड-दोन वर्षं झाली. तक्रार काही आली नाही. "म्हातारा झालोय मी, माझा हात नाही!" असं मास्तर येईल त्याला ऐकवायचे.

सूनबाई दुकान झाडायची, चहा आणून द्यायची. तिने चुकून सुई उचलली की मास्तर खेकसायचे, "ठेव ती खाली. हा तुझा प्रांत नव्हे."

एका सकाळी पक्षीवाले सर आपला तंबू घेऊन आले. शाळेत शिकवायचे आणि सुट्टी मिळाली की रानात तंबू ठोकून पाखरं बघत बसायचे.

"मास्तर, गेल्या वर्षी तुम्ही या तंबूच्या खिडकीची सुटी जाळी दुरुस्त करून दिलीत, ती टिकली चांगली. पण ऊन पडलं की तिच्यातून नुसतं धुकं दिसतं हो."

"दिसणारच! पांढरी जाळी उन्हात चमकते, नजर तिच्यावरच अडकते. काळी केली की जाळी आहे हेच विसराल. उद्या या न्यायला."

"बाबा, रंगवायची कशाला?" सूनबाई घाईघाईने म्हणाली. "नवीनच घालू ना."

"आता तू मला शिकवणार?"

मास्तरांनी मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, रंगाची पूड आणि व्हिनेगर घातलं. पाणी उकळलं तर जाळी आक्रसते, म्हणून आचेवर डोळा ठेवून ते काठीने ढवळत बसले. जाळी काळी कुळकुळीत निघाली. खळबळून मागच्या अंगणात दोरीवर टाकली आणि मास्तर चाटच पडले. जाळीने रंग घेतला होता, शिलाईच्या दोऱ्याने नाही. दोरा वेगळ्या जातीचा, त्याला हा रंग चढत नाही, हे ते फुशारकीच्या भरात साफ विसरले होते. काळ्यावर टाका न् टाका उठून दिसत होता.

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. एक ओळ वाकडीतिकडी, मध्येच निसटलेली. ती त्यांची. तिला लागूनच दुसरी, बारीक, सरळ, एकसारखी. प्रत्येक ठिगळाशी हीच कथा. तक्रार का आली नाही ते आता कळलं.

मागे सूनबाई काळं मार्कर पेन घेऊन उभी होती.

"सर यायच्या आत सगळे टाके काळे करते. कुणाला कळायचं नाही."

"एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सुई कायमची खाली ठेवली असती. मग दिवसभर काय केलं असतंत?"

मास्तरांना आधी रागच आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला त्यांनी सुईला शिवू दिलं नाही, तिने, ते दुपारी डुलकी काढत तेवढ्यात, शेजारी आपले टाके घालून त्यांची अब्रू राखली होती. त्यांनी पेन ओढून घेतलं, पण हात ऐकेना. निमूटपणे परत तिच्या हातात दिलं.

"माझे टाके काळे कर. तुझे राहू देत."

"अहो बाबा, पण..."

"सांगतोय तेवढं ऐक."

दुसऱ्या दिवशी सर अंगणात उभारलेल्या तंबूत शिरले आणि आतूनच ओरडले, "वा! समोरच्या झाडाचं पान न् पान दिसतंय!" मग त्यांचं बोट पांढऱ्या ओळीवरून फिरत गेलं. "ही शिलाई कुणाची हो? मशीनलासुद्धा जमायची नाही."

सूनबाईने मान खाली घातली.

"माझ्या सुनेची," मास्तर रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी तिच्या हाताखाली असतो."