सुनेने न शिकवलेला शब्द

आक-झार गावच्या तुर्दुकुलला घोडा कळायचा, ढग कळायचा, माणूसही बऱ्यापैकी कळायचा. कळत नव्हती ती एक इंग्रजी. आणि त्या वर्षी नेमकं तिच्यावाचूनच अडलं. परदेशी पाहुण्यांना खिंडीपलीकडे सोंग-कुल तळ्यावर न्यायचं तर वाटाड्याकडे कार्ड हवं, आणि कार्ड हवं तर इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यायची, असा नियम निघाला. कार्ड नसलं तरी घोडे चालणार होते, पण पुढे दुसराच माणूस असणार होता. आपले घोडे आणि लगाम दुसऱ्याच्या हातात, हे तुर्दुकुलच्या गळी काही उतरेना.

नशिबाने मास्तरीण घरातच होती. धाकटी सून सायरागुल शेजारच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. पण आमच्याकडे सून म्हणजे सून. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. मग चुका काढायच्या तरी कशा? सायरागुलने तोड काढली. ती चुलीशी बसलेल्या सासूला म्हणायची, "अपा, बाबांचं वाक्य फार छान होतं. फक्त शेवटचा शब्द आधी आला असता तर आणखी शोभलं असतं." सासू अनारकान कणीक मळता मळता नवऱ्याला म्हणायची, "चुकलं. परत म्हणा."

असा हिवाळा गेला. तुर्दुकुलला सगळ्यात गोडी लागली ती वेळेच्या वाक्यांची. उद्या बर्फ पडेल बहुधा. ट्रक दुपारपर्यंत यायला हवा. तांबडी घोडी एव्हाना झऱ्यावर पोचली असेल. तो म्हणायचा, ही भाषा कुण्या धनगरानेच रचली असली पाहिजे. आपलं निम्मं आयुष्य जनावर एव्हाना कुठे असेल ह्या हिशेबात जातं, आणि यांच्याकडे त्याला तयार वाक्यं आहेत. तबेल्यात, ओढ्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो ही वाक्यं पुटपुटायचा. थोरला भाऊ म्हणाला, म्हातारपणी याला भूत लागलं, तेही गोऱ्याचं.

बर्फ वितळायला लागलं तशी तालुक्याला पहिली परीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्या झिपारबाई राजधानीहून आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, समजा मी पाहुणी आहे, आपण खिंडीत आहोत, काळे ढग चढतायत आणि मी म्हणते की अजून तासभर फोटो काढते. तुम्ही काय सांगाल? तुर्दुकुलने टोपी नीट केली, छातीवर हात ठेवला आणि अगदी शुद्ध इंग्रजीत सांगितलं की बाईंना आवडत असल्यास त्या संध्याकाळपर्यंत खाली येण्याचा विचार करू शकतात.

बाई म्हणाल्या, "काका, संध्याकाळपर्यंत आपल्या दोघांचे मुडदे खाली येतील." आणि महिन्याभराने प्रत्यक्ष खिंडीत फेरपरीक्षा, असं सांगून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

घरी येऊन त्याने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ऐकता ऐकता सायरागुलची मान खाली गेली. मग ती सासूकडे तोंड करून बोलली.

"अपा, दोष माझा आहे. 'मस्ट' हा शब्दच मी शिकवला नाही. तुम्ही पाचला उठलंच पाहिजे, तुम्ही आत्ता निघालंच पाहिजे, असं बाबांच्या तोंडावर मी कसं म्हणू?"

अनारकान इतकी हसली की तिच्या हातातला तळलेला बोर्सोक चहात पडला. "एवढंच ना पोरी? तो शब्द मला दे. इतकी वर्षं मी दुसरं बोलतेय काय?"

त्या दिवसापासून सायरागुल चुलीमागे सासूला वाक्य सांगायची आणि सासू ते अंगणात नेऊन, एक हात कमरेवर आणि दुसऱ्यात आमटीचा डाव उगारून, नवऱ्यावर सोडायची. सहाच्या आत दूध काढलंच पाहिजे. दुपारच्या आधी गोठा झाडलाच पाहिजे. तो लोकरीचा नमदा आजच्या आज शिवून झालाच पाहिजे. तुर्दुकुलला अर्थ पहिल्याच दिवशी कळला. अवघड होतं ते उलट बोलणं. बायकोला 'च' लावून बोलायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. शेवटी तो घोडीला सांगायचा की तिने चारच्या आत खिंड ओलांडलीच पाहिजे. घोडी कान हलवायची. तेवढ्याने त्याला धीर यायचा.

फेरपरीक्षेला झिपारबाईंना घेऊन तो खिंडीत चढला. वर पोचले तेव्हा पश्चिमेकडे खरोखरच ढग गोळा होत होते. बाईंनी मुद्दाम दगडावर बैठक मारली, कॅमेरा काढला आणि म्हणाल्या, अजून तासभर. तुर्दुकुलचा हात सवयीने छातीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला आणि कमरेवर गेला. एक भुवई वर चढली. डाव धरावा तशी चाबकाची मूठ हवेत उभी राहिली, आणि इंग्रजीत शब्द बाहेर पडले, "तुम्ही आत्ता उठलंच पाहिजे. चारच्या आत आपण खाली असलंच पाहिजे."

आवाज त्याचा होता, पण बोलत होती अनारकान. बाईंनी कॅमेरा बंद केला आणि मुकाट्याने रिकिबीत पाय घातला. तो कधी घातला हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

आता गंमत बघा. अर्धा उतार उतरले आणि ढग पांगले. लख्ख ऊन पडलं, पाण्याचा एक थेंब आला नाही. तुर्दुकुलचं तोंड उतरलं. गेलं कार्ड, असं धरूनच तो चालला होता. तळाशी आल्यावर घाबरत घाबरत त्याने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "पावसाचं काय, येईल किंवा न येईल. मी उठले की नाही, एवढंच मला बघायचं होतं."

कार्ड गळ्यात घालूनच तो घरी आला. सुनेने ते दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. तुर्दुकुल जाजमावर मांडी ठोकून बसला, घसा खाकरला आणि बायकोला इंग्रजीत म्हणाला की आज जेवण सातच्या आत झालंच पाहिजे.

अनारकानने कढईवरचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं.

"अहो म्हातारबुवा, तो शब्द तेवढा खिंडीत ठेवून येत जा," ती म्हणाली. "घरात तो मला लागतो."