टायर नावाचं बंदर

कौमुदी आगाशेला जपानमध्ये, हिगाशी-कसाईत येऊन चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत 'तुम्ही काय करता?' असं तिला एकानेही विचारलं नव्हतं. विचारायचे ते 'मिस्टर कुठल्या बँकेत?' डोंबिवलीच्या कॉलेजात नऊ वर्षं प्राचीन इतिहास शिकवलेली बाई इथे आठवड्याचे तीन दिवस जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भातावर तीळ भुरभुरत होती. या असल्या अर्धवेळ कामाला इथे बाइतो म्हणतात. नाव गोड आहे, एवढंच.

म्हणून २००६ च्या मे महिन्यात जवळच्या कोतो भागात निघणाऱ्या एका नव्या भारतीय शाळेला इतिहासाची बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा तिने नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही, थेट फोन लावला. होणाऱ्या मुख्याध्यापिका लीलावती नाडकर्णी म्हणाल्या, "मला तुमचं शिकवणं ऐकायचंय. कुठे बोलणार असाल तर कळवा." कुठे बोलणार, डोंबल! तरी तिने खटपट करून वस्तीतल्या सभागृहात शनिवारची दुपार मिळवली आणि आपला लाडका विषय काढला. भूमध्य समुद्रावरचं टायर हे बंदर आणि त्याचा प्राचीन इतिहास.

"एक्सेलवर बोल, हॉल भरेल," नवरा, अंबरीष, म्हणाला. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

जपानी पाटी लिहायचं काम नऊ वर्षांच्या तेजश्रीकडे, कारण घरात जपानी लिहिता येणारी ती एकटीच. "विषय काय, आई?" तिने विचारलं. कौमुदी कुकरकडे बघत म्हणाली, "टायरचा तीन हजार वर्षांचा इतिहास." लेकीने सुबक अक्षरात जसं ऐकलं तसं लिहिलं. सायकलला असतो तो टायर.

शनिवारी अकरा म्हातारे आले. एकाने पिशवीतून जुना टायर आणला होता. दुसऱ्याने अत्यंत आदराने विचारलं, तेव्हा रबर होतं का? कौमुदीने लेकीकडून पाटी वाचून घेतली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, गाव आहे ते, गाव!"

"मग गाव म्हणायचं ना!" पोरगी म्हणाली, तेही जपानीत, सगळ्यांसमोर. मागच्या रांगेत लीलावतीबाई वही उघडून बसल्या होत्या.

खुलासा ऐकून चौघे कमरेत वाकून माफी मागत निघून गेले. या लोकांवर धड रागावताही येत नाही. उरलेल्यांपुढे तिने सुरुवात केली, आणि वाक्यावाक्याला तेजश्री जपानीत सांगू लागली. शंखांतून जांभळा रंग काढणारे लोक, त्यांचं बेटावरचं श्रीमंत शहर, आणि ते जिंकायला सिकंदराने समुद्रात घातलेला भराव. किनाऱ्यावरचं जुनं गाव पाडून त्याचेच दगड त्याने पाण्यात टाकले. पुढे त्या भरावाला वाळू लागत गेली आणि बेट कायमचं जमिनीला जोडलं गेलं.

टायर घेऊन आलेल्या सुगिउरा-साननी हात वर केला. स्टेशनजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. "इथेही समुद्र होता," ते म्हणाले. "माझे वडील त्यात नोरीचं शेवाळ पिकवायचे. मग भराव पडला. तुमच्या गावातल्या कोळ्यांचं पुढे काय झालं?"

"हजारो मारले गेले. बाकीचे गुलाम म्हणून विकले."

"ते नाही. नंतर जे राहिले ते. पाणी लांब गेल्यावर सकाळी उठून ते कुठे जायचे?"

असल्या प्रश्नावर तिचं एक हुकमी उत्तर होतं. 'फार छान प्रश्न' म्हणायचं आणि व्यापाराकडे वळायचं. नऊ वर्षं ते खपलं होतं. लीलावतीबाईंचं पेन थांबलं होतं. आणि कौमुदीला एकाएकी स्वतःचाच भयंकर वैताग आला. मुलांकडून भरावाची लांबी-रुंदी पाठ करून घेतली, पण तिथे राहणाऱ्या माणसाचा विचार एकदाही मनात आला नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी विचारच केला नाही."

लीलावतीबाईंनी पेनाला टोपण लावलं, "माझी ट्रेन आहे," असं हळूच म्हणाल्या आणि गेल्या. नोकरी हातची गेली हे कळायला कुणा दुभाषाची गरज नव्हती. तिला रडू येत होतं, आणि सात म्हाताऱ्यांसमोर रडायची मुळीच इच्छा नव्हती. ती खुर्ची ओढून सुगिउरा-सानसमोर बसली.

"तुमचे वडील कुठे जायचे?"

तेजश्रीने विचारलं.

"रोज तिथेच. पहाटे मला सायकलवर मागे बसवून जुन्या किनाऱ्यावर न्यायचे. तिथे रस्ता झाला होता. रस्त्याकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, आज भरती उशिरा आहे."

कौमुदीने व्याख्यानाचे कागद उलटे केले. "हे कुठल्या वर्षी?" तिने विचारलं, आणि लिहायला घेतलं.