दर मंगळवारी अंग येतं

लग्नाकार्यात भेटलं की बँकवाल्यांना कोणी काही विचारत नाही, मला मात्र हमखास विचारतात, "सुरेखा, नवीन काय गं तुमच्या सेंटरमध्ये?" आता एक्स-रे सेंटरमध्ये काय नवीन असणार! हाडं तीच, छात्या त्याच. पण आमच्या शांती नगरच्या सेंटरमध्ये एक 'खुर्चीवाली टेस्ट' होते, आणि तिचे किस्से इतके साचलेत की विचारू नका. जेवताना सांगता येत नाहीत ही एकच अडचण. मी आपली हसवायला सुरुवात करते आणि फिरून फिरून राई गावच्या हिराबाईंवर येते. मग कोणी हसत नाही. मीही नाही.

आधी टेस्ट काय ते सांगते. शौचाच्या जागेतून आतडं बाहेर येतंय का, की मोजा ओढून काढताना उलटा होतो तसं आतल्या आत दुमडतंय, हे पेशंटला आडवं झोपवून कळत नाही. माणूस बसला आणि त्याने जोर केला, तरच दिसतं. म्हणून आम्ही मागून बेरियमची घट्ट पेस्ट भरतो, पेशंटला मशीनसमोर कमोडच्या खुर्चीवर बसवतो आणि काचेपलीकडून ओरडतो, "हां, करा आता!" आणि त्याचं शूटिंग घेतो. लाज कोणाची जास्त निघते, त्यांची की आमची, हे मला अजून कळलेलं नाही.

*

ती पेस्ट मी करते. बेरियमची पावडर, कॉर्नफ्लॉवर, पाणी, मंद आच, आणि गुठळी होऊ द्यायची नाही. एकदा पॅन्ट्रीत ढवळत होते, तर रिसेप्शनवरची प्रीती वास घेत आत आली.

"सुरेखाबेन, शीरा? मेरे लिए भी थोडा रखना हां!"

"ठेवते की. पण हा तोंडाने खायचा नसतो!"

त्या दिवसापासून पोरीने आमच्या पॅन्ट्रीतला चहासुद्धा सोडला.

*

एक काका आले होते, दादरहून मीरा रोडला राहायला आलेले, रिटायर्ड, इस्त्रीचा शर्ट. कागदावर आमच्या सरांनी मराठीत लिहिलं होतं, 'गुदभ्रंश?' आमचे सर गुजराती, रेडिओलॉजिस्ट म्हणून एक नंबर, पण मराठी शब्द डिक्शनरीतून काढतात. काका तापलेच.

"भ्रंश? मॅडम, माझी बुद्धी शाबूत आहे!"

कसंबसं समजावून खुर्चीवर बसवलं. पण होईना! शेवटी म्हणाले, "घरी पेपर वाचल्याशिवाय होत नाही हो." मी पळत जाऊन प्रीतीच्या टेबलावरचा पेपर आणून दिला. काकांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "अहो, हा गुजराती आहे! बातमीच कळत नाही, तर होणार कसं?"

आम्ही काचेमागे पोट धरून हसत होतो. मी बाहेर आले तर काकू बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या. पिशवीत काकांच्या दोन जास्तीच्या पॅन्ट, जुन्या साडीचे तुकडे. म्हणाल्या, "लेकीकडे जाणं सोडलंय यांनी. सोफ्यावर डाग पडेल म्हणून. नात फोनवर रडते." माझं हसू तिथेच मेलं.

त्या दिवशी मी सरांना सांगितलं, "सर, भ्रंशबिंश सोडा. लोकांना 'अंग बाहेर येतं' म्हणा, चटकन कळतं." सरांनी मान डोलावली आणि चार वेळा घोकलं. "अंग येतं. अंग येतं." मला काय माहीत पुढे काय होणार आहे!

*

हिराबाईंना त्यांच्या मुलाने आणलं, नरेशने. मोठा दांडगा गडी, गळ्यात जाडी चेन, पण आमच्या एक्स-रे रूमच्या दाराशी आला आणि चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, असू द्या, देऊळ नाही हे." तो म्हणाला, "आई आत हाय ना."

मला वाटलं, काय आईवेडा मुलगा आहे!

रक्त जात होतं त्यांना. डॉक्टर मूळव्याध समजून मलमं देत होते. तपासायला झोपवलं की काही दिसायचं नाही, कारण झोपलं की ते आत जायचं. मी त्यांना गाऊन घालत होते, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बाय, माज्या पोराला काय सांगू नको."

"का हो मावशी?"

मग सगळं बाहेर आलं. मावशींनी लाजत लाजत सुनेला सांगितलं होतं, "माजं आंग येतं ग." सुनेने ऐकलं, अंगात येतं! झालं! संध्याकाळी नारळ आला, पाट मांडला, शेजारणी ओटी घेऊन हजर. मावशी संडासात बसून कुंथायच्या, आणि बाहेर सगळं घर हात जोडून उभं, देवी घुमते म्हणून. मग दर मंगळवारी त्यांना पाटावर बसवायला लागले, आणि तिथेही जोर केला की तोच आवाज.

आमच्या घरात हे प्रकार वडिलांनी कधीचेच बंद केलेत. अंगात येणं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "अहो, मग सांगायचं ना तेव्हाच! एवढं काय ते!"

"सांगनार व्हते ग. पन त्यो माज्यापुढं येऊन बसला. नरेश. पिऊन पिऊन लिवर खराब झालेला, माज्याशी बोलायचा न्हाय, बायकोला मारायचा. त्यो पाया पडला, म्हनला, आई, काय हुकूम हाय? माज्या तोंडातून निगालं, दारू सोड." मावशी खाली बघत होत्या. "सोडली ग त्यानं. त्या दिवसापासून थेंब न्हाय. आता माजं आंग बरं झालं, तर त्यो परत पियाला लागंल."

मी गाऊनच्या नाड्या बांधल्या.

*

टेस्ट सुरू झाली. सर स्क्रीनवर, मी काचेशी. "मावशी, जोर करा!"

त्यांनी जोर केला आणि आवाज निघाला. खालून, बेंबीच्या देठापासून, लांबच लांब. प्रीती रिसेप्शन सोडून दाराशी आली. माझ्या हातावर काटा आला हो, खोटं कशाला बोलू! स्क्रीनवर आतडं आधी आतल्या आत दुमडलं, मग दुमडलेलं तसंच खाली सरकत बाहेर आलं. सर हळूच म्हणाले, "बिचारी. इतना दर्द लेके बैठती है रोज?"

बाहेर नरेश कॉरिडॉरमध्ये हात जोडून उभा होता.

*

आता सर मुलाशी बोलायला निघाले. मी खुणा करतेय, थांबा, थांबा, पण सरांना त्या दिवशी मराठीचा उत्साह!

"देखो भाई, तुमच्या आईचं अंग येतं."

नरेश म्हणाला, "हो साहेब. दर मंगळवारी येतं."

सर गोंधळले. "मंगळवारी? अरे, रोज येतं!"

"रोज?" नरेशचे डोळे हे एवढे झाले. तिथल्या तिथे त्याने सरांना वाकून नमस्कार केला. "आमाला ठावूकच न्हाय साहेब!"

"और ऑपरेशन करना पडेगा," सर म्हणाले. "नहीं तो अंग बाहेरच राहील." नरेशला काही उमगेना. देवीचं ऑपरेशन? तो मान हलवत आईला घेऊन गेला. मी मावशींना रिक्षात बसवताना कानात सांगितलं, "रक्त जातंय मावशी. जीव जाईल. करून घ्या."

पुढच्या मंगळवारनंतर सुनेचा फोन. देवीनेच हुकूम दिलाय, झाडाला, म्हणजे जिच्या अंगात येते तिला, दवाखान्यात न्या! प्रीतीने रिपोर्ट काढताना मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सुरेखाबेन, रेफर्ड बाय में क्या लिखूँ?"

हा किस्सा मी किती जणांना सांगितलाय! सगळे इथे लोळून हसतात. मी इथेच थांबायला हवं खरं तर.

*

ऑपरेशन छान झालं. मग बऱ्याच दिवसांनी एका दुपारी हिराबाई एकट्याच आल्या, अपॉइंटमेंट न घेता. पदराखाली सुक्या बोंबलांची पुडी, माझ्यासाठी. खुर्चीवर टेकून बसल्या, नीट, आरामात. मला इतकं बरं वाटलं!

"कशा आहात मावशी? त्रास?"

"काय बी न्हाय. फुलासारकं होतं."

"मग तोंड का असं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "मंगळवारी पाट मांडतात ग. मी बसते. पन त्यो आवाजच येत न्हाय. मी लय जोर करते, नुसता खोकला येतो. सून बगते, शेजारनी बगतात. नरेश बसतो थोडा वेळ, मग उठून जातो." त्या थांबल्या. "गेल्या मंगळवारी पिऊन आला."

मी त्यांचा हात धरला. हाताला मासळीचा वास होता.

"बाय, तुमच्याकडं माजं शूटिंग हाय ना? खुर्चीवरचं?"

"आहे की."

"त्याच्यात आवाज हाय?"

"नाही हो मावशी. मुकं असतं ते. नुसतं चित्र."

बाहेर प्रीती पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. मग मावशी माझ्याकडे वळल्या, अगदी जवळ सरकल्या.

"तू तर व्हतीस ना तिथं. तू आयकलंस. कसा व्हता त्यो? मला करून दाव."

मी उठले आणि दार आतून लावून घेतलं.