खारट गाल

माझी धाकटी बहीण पेडण्याला मिठागरवाल्यांच्या घरात दिली आहे. तिच्या मुलीचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. त्या घरात कुणालाच त्याचं नवल नव्हतं. हिवाळा सरला की सगळं घर मिठागरात. संध्याकाळी बाप परतायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर पांढरी खार धरलेली असायची आणि पोर त्याच्याच खांद्यावर. "मिठागरातलां चेडू तां, खारट नाय तर काय गोड लागतलां?" बहिणीची सासू म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा हसले, याची मला आजही शरम वाटते.

कारण मीठ हाच माझा धंदा. मी रसायनशास्त्रात संशोधन करते. पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. मीठ तेलात विरघळत नाही हे रोज फोडणी देणारीला सांगावं लागत नाही. तसाच मिठातला क्लोराइड त्या चरबीतून आपणहून जात नाही. निसर्गाने त्याच्यासाठी दारं ठेवली आहेत. काहींच्या शरीरात ती दारं जन्मापासून बिघडलेली असतात, काहींच्या तर नसतातच. मग फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि घाम भलताच खारट. अशांसाठी आम्ही प्रयोगशाळेत रेणू बनवतो. क्लोराइडला पोटाशी धरून चरबीतून पार न्यायचं, पलीकडे सोडायचं आणि पुढच्यासाठी परत यायचं, एवढंच त्यांचं काम. आपल्या फेरीबोटीसारखं.

हे मी डिचोलीपासून फोंड्यापर्यंत कितीतरी कॉलेजांत जाऊन मुलांना समजावलं आहे. खारट घामाची खूण तर हटकून सांगते. आणि घरच्या पोरीचे गाल महिनोन्‌महिने खारट लागत असताना मी चहा पीत बसले होते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पोरीचा खोकला हटेना, वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी घाम तपासायला सांगितला. कागदावरचा क्लोराइडचा आकडा पाहिला आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. बिघडलेलं दार ताळ्यावर आणणाऱ्या गोळ्या परदेशात निघाल्या आहेत, पण पुढच्या तपासणीत कळलं की हिच्या शरीरात ते दार मुळी तयारच होत नाही. बहीण रडत होती. तिचं रडणं मला बघवेना. "रडू नको गो," मी म्हणाले. "मी ह्याच्याचवर काम करतंय."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी मी तिला फसवलं.

डॉक्टरांनी औषधं दिली आणि सकाळ-संध्याकाळ पोरीची पाठ थोपटायला सांगितली. तिला मांडीवर पालथं घालायचं, तळहात वाटीसारखा वाकवायचा आणि कफ सुटेपर्यंत थोपटत राहायचं. बहीण ते शिकली.

पुढे एका शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून मी तिच्याकडे गेले. पोर दारातच खोकत बसली होती. खोकला खोल गेलेला.

"पाठ थोपटतंस मगे?" मी विचारलं.

"महिनो जालो सोडून," बहीण सहज म्हणाली. "रडतां गो तां. तुझां औषध येतलांच मगे, कित्याक छळूचां तेका?"

माझं डोकं सणकलं. मी तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता लक्षात आलं की यातलं निम्मं तरी मलाच लागू आहे, तेव्हा खरं ते सांगितलं. माझा रेणू अजून काचेच्या नळीतच आहे. आम्ही चरबीचे बारीक बुडबुडे करून त्यांत मीठ भरतो, रेणू घालतो, क्लोराइड बाहेर आला की पडद्यावर रेघ चढते आणि आम्ही खूश होतो. जिवंत पेशींवर घातले तेव्हा काही रेणूंनी पेशीच मारल्या.

"औषध नाय तां," मी म्हणाले. "कधी होतलां काय नाय, ठावक नाय. झालां तरी हिच्या वेळेर येतलां, असां मी सांगूचंय नाय."

बहिणीने विचारलं, "मगे त्या दिसा कित्याक सांगितलंस?"

"तू रडत होतंस म्हणून."

ती उठली. चटई अंथरली, मला खाली बसवलं आणि पोरीला माझ्या मांडीवर पालथं घातलं. माझा हात धरून तळवा वाकवून दिला. मी भीतभीत थोपटलं. "जोरान," ती म्हणाली. मी जोर लावला तशी पोर कळवळून रडायला लागली, आईकडे हात पसरू लागली. माझा हात थांबला. बहिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने पोरीला उचललं नाही.

"मार गो ताई," ती म्हणाली. "रडतां म्हणून थांबू नको."