मेढीजवळची जागा

लासुर्ण्याच्या शिवारात चहूकडं ऊस. त्या हिरव्या दाटीत रामहरी आबांचं खळं तेवढं उघडं होतं, सारवलेलं, थापलेल्या भाकरीसारखं गोल. मधोमध बाभळीचा खांब, म्हणजे मेढ. तिच्याभोवती फिरणाऱ्या बैलांनी खांदे घासून घासून ती त्या उंचीला चहूअंगांनी अशी गुळगुळीत केली होती, की हात लावला तर लाकूड वाटू नये.

आता तिथं बैल नाहीत. घरच्या खाण्यापुरती ज्वारी यंत्रात जाते आणि दुपार कलायच्या आत पोती भरतात. पण शेवटची बैलजोडी गेली त्या साली आबांनी घरात एक रीत पाडली. पोती उचलायच्या आधी सगळ्यांनी हात धरून, मेढीपासून बाहेर एका ओळीत, मेढीभोवती एक फेरा घालायचा. बैलांच्या अशा ओळीला पात म्हणत; ही माणसांची पात. गाव हसलं. "रामहरीनं घरची माणसं जुंपली, आता मुसकी तेवढी घालायची ऱ्हायली," असं पारावर म्हणायचे. आबाही हसायचे, आणि पातीचं बाहेरचं टोक, कडेची जागा, धरायचे. तिथं चाल लांब पडते, झपाझप पाय उचलावा लागतो. माणसांची पात सुरू झाल्यापासून ती जागा त्यांची.

यंदा दिवाळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढत राहिला. मळणी जवळ आली तसा मुलगा विजयसिंह जपून बोलला, "आबा, औंदा फेरा ऱ्हाऊ द्या. तुमी न्हाय तर फेरा कशाचा? अन् मेढ काढावी म्हनतो. ट्रॅक्टरला शेड हितंच बरी पडंल."

पत्रे तर खळ्याच्या कडेला येऊनही पडले होते. यंदा फेरा चुकला की मेढ गेली, एवढं आबांना कळलं.

मळणीच्या दिवशी सकाळी पडवीत नात स्वरूपा अभ्यासाला बसली होती. ती बारामतीच्या कॉलेजात शिकते आणि गणित सोडवताना तोंडानं पुटपुटते.

"काय गं मंत्र म्हनतीस?" बाजेवरून आबांनी विचारलं.

"पृथ्वी किती जोरात फिरती ते काढतीय, आबा. चोवीस तासांत एक फेरा. तीनशे साठ अंशांना चोवीसनं भागलं की तासाला पंधरा अंश. हा कोनीय वेग. सगळ्या पृथ्वीला सारखाच."

"लासुर्ण्यालाबी?"

"व्हय की. पण तासाला किती अंतर कापलं, ते जागेवर हाय. पृथ्वीच्या मधल्या घेराला फेरा सगळ्यात मोठा. तिथला माणूस तासाला सोळाशे सत्तर किलोमीटर जातो. आपण जरा वर, आपला फेरा लहान. आपलं पंधराशे नव्वदच्या आसपास निघतंय."

"बसल्या बाजंवर?"

"बसल्या बाजेवर."

"ऐकलंस का गं?" आबांनी चुलीपाशी बसलेल्या बायकोला हाक दिली. "मी पळतोय म्हनं."

"पळा की," सारजाबाई आतून म्हणाल्या. "पळता पळता ती पान्याची कळशी तेवढी घिऊन या."

आबा हसले. मग थांबून म्हणाले, "अन् पार आसाच्या टोकाला? तितल्या मानसाचं काय?"

"ध्रुवावर? तिथं अंतरच नाही. वेग शून्य. माणूस जागच्या जागी उभा. पण दिवसात एकदा तोबी पुरता फिरतो. पंधरा अंश त्यालाबी चुकत न्हाईत."

"मोरा," आबा उसाच्या तुऱ्यांकडं बघत म्हणाले.

मोरा त्यांच्या वडिलांचा बैल. पांढरा, कपाळावर काळा ठिपका. भर उमेदीत तो पातीच्या कडेला असायचा. घुंगरं वाजायची, पायाखाली कणसं चुरायची, मागं पोरवयाचा रामहरी आसूड नुसता मिरवत पळायचा. मग मोऱ्याचे गुडघे थकले. एका मळणीला वडिलांनी त्याला कडेवरून सोडलं आणि आत, मेढीला लागून बांधलं. रामहरी रडला. त्याला वाटलं, मोऱ्याची इज्जत गेली. वडील कणसं पसरता पसरता म्हणाले, "येड्या, त्याचा फेरा काय कमी हुतोय व्हय? पातीसंगंच निघतोय, पातीसंगंच पोचतोय." मोरा बारीक पावलं टाकत, मेढीला खांदा लावून, डोळे अर्धे मिटून फिरत राहिला. कडेचा खोंड त्याच्यापायी कधी खोळंबला नाही.

मळणी झाली. यंत्र थांबलं, भुसा खाली बसला. आबा काठी टेकत खळ्यात आले, तसा विजयसिंह पुढं झाला. "आबा, हट्ट करू नगा. कडंला तुमास्नी झेपायचं न्हाय."

"कडंला कोन चाललंय?" आबा म्हणाले. "स्वरूपे, ती जागा तू घे. अन् चप्पल काढ, खळं हाय ह्ये."

ते सरळ मेढीपाशी गेले. काठी खाली टाकली. गुळगुळीत जागेला खांदा टेकला, तो नेमका तिथं बसला. उजव्या बाजूनं सारजाबाईंनी हात धरला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "इतकी वरसं तुमच्यामागं पळून माजा जीव जात हुता." सारजाबाईंच्या पलीकडं विजयसिंह, मग सूनबाई, आणि कडेला स्वरूपा.

पात निघाली. स्वरूपाला ओढणी सावरत धावावं लागलं. सूनबाई हसत होती. आबांचा डावा पाय वीतभर सरकायचा, आणि तेवढंच हवं होतं. समोरून ऊस गेला, विहीर गेली, पत्र्यांचा ढीग गेला, घर गेलं, पुन्हा ऊस आला. स्वरूपा धापा टाकत जिथून निघाली तिथं पोचली, तेव्हा आबाही पोचलेले होते.

हात सुटले तरी ते मेढीला टेकूनच राहिले. डोळे अर्धे मिटलेले.

विजयसिंहानं काठी उचलून त्यांच्या हातात दिली. मग पत्र्यांकडं बघत म्हणाला, "स्वरूपे, ये गं हिकडं. एक टोक धर. विहिरीपल्याड जागा हाय, ह्ये तिकडं टाकू."