मी मुक्ताला घरी बसवलं

मधल्या सुट्टीत मी मुक्ताला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि उद्या शाळेत येऊ नकोस म्हणून सांगितलं.

"कावून बाई?" तिनं विचारलं.

उद्या कॉलेजातून मॅडम येणार आहेत, वर्गात गर्दी नको, तू परवा ये, असं मी म्हणाले. तिनं मान हलवली. सहावीच्या त्या वर्गातल्या आणखी तिघांना मी हेच सांगितलं. चौघांनाही धड वाचता येत नव्हतं.

तेव्हा मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. या वर्षी इंटर्नशिप असते. म्हणजे काही महिने एका खऱ्या शाळेत जायचं, खऱ्या मुलांना शिकवायचं. कॉलेजच्या प्राध्यापिका येऊन मागच्या बाकावर बसतात आणि आपला तास बघून मार्क देतात. त्याला पाठ निरीक्षण म्हणतात. माझी शाळा शिरूर कासार तालुक्यातली होती. मी नेकनूरची. वडिलांचं कापडाचं दुकान. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊस तोडायला जातात हे मला माहीत होतं, पण त्या घरातल्या पोरीशी मी कधी दोन वाक्यं बोलले नव्हते.

मुक्ता अशाच घरातली. पहिलीपासून दरवर्षी दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर जायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. दरवर्षी अर्धी शाळा बुडायची. म्हणून सहावीत येऊनही ती अक्षर-अक्षर लावून वाचायची. खिचडी खाऊन झाली की मी तिला घेऊन बसायचे. दीड महिन्यात ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. 'पुस्तक' हा शब्द न अडखळता वाचला त्या दिवशी तिनं तो फळ्यावर सात वेळा लिहिला होता.

पाठाच्या दिवशी मात्र मला प्रकट वाचन घ्यायचं होतं. मुलांना एकेक करून उठवायचं, मोठ्यानं वाचायला लावायचं. मुक्ता अडखळली असती. माझ्याबरोबरच्या मुली म्हणाल्या, कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवायची, सगळेच ठेवतात. मलाही ते सोयीचं वाटलं.

पाठ छान झाला. निरीक्षणाला आलेल्या मुळे मॅडमनी वहीत 'वर्ग नियंत्रण उत्तम, सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग' असा शेरा दिला. प्रत्येक पाठानंतर आम्हाला आत्मचिंतनाचं एक पान लिहावं लागायचं. या पाठातून मी काय शिकले, माझ्यात काय वाढ झाली, असं. मी त्याच दुपारी लिहिलं की आता वर्गासमोर मला भीती वाटत नाही, सर्व स्तरांतल्या विद्यार्थ्यांना मी सामावून घेऊ शकते.

दुसऱ्या दिवशी तिघं आले. मुक्ता आली नाही.

हेडमास्तर सानप सरांना विचारलं तर त्यांचाच चेहरा उतरलेला होता. आमच्याकडे हंगामी वसतिगृह असतं. आईबाप तोडीला गेले की पोरं गावातच नातेवाइकांकडे राहतात, त्यांच्या जेवणाची सोय शाळेतर्फे होते. मुक्ताचं नाव त्या यादीत होतं. ती यंदा पहिल्यांदाच मागं राहणार होती, चुलतीकडे. फक्त वडिलांची संमतिपत्रावर सही राहिली होती, आणि आदल्या दिवशी सरांनी बोलावूनही ते, अंकुशराव, आले नव्हते.

आम्ही दोघं सरांच्या मोटारसायकलवर तांड्याकडं निघालो. पोचलो तेव्हा ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्या भरल्या होत्या. झोपडीचे बांबू, चटया, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या, आणि त्या सगळ्यावर माणसं. मुक्ता धाकट्या भावाला मांडीवर घेऊन वर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि हसली.

सरांनी अंकुशरावांना समजावलं. पोरीची सगळी सोय झाली आहे, चुलती तयार आहे, फक्त सही करा. अंकुशराव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, तुमच्या शब्दावर मी तिला ठिवणार व्हतो. पण बाईंनीच सांगितलं, येऊ नगं म्हणून."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले की एकाच दिवसाची सुट्टी दिली होती.

"सगळ्या पोरांना दिल्ती का?"

मी ट्रॉलीवरच्या मुक्ताकडं पाहिलं.

"न्हाई ना?" त्यांचा आवाज चढला नाही. "पाव्हणे आले की हिला घरी बसवायचं. मंग शाळेत ठिवून काय करू बाई? तिथं निदान ल्हानग्याला तर सांभाळंल."

मी माफी मागितली. माझं चुकलं, तिला चांगलं वाचता यायला लागलंय, असं काहीबाही बोलत राहिले. टोळीचा मुकादम निघायला हाका मारत होता. सरांनी घाईघाईनं मुक्ताच्या नावाचं शिक्षण हमी कार्ड भरून अंकुशरावांच्या हातात दिलं. ते दाखवलं की जिथं जातील तिथल्या शाळेत मुलांना बसवून घेतात. अंकुशरावांनी कार्ड खिशात ठेवलं आणि वर चढले. ट्रॅक्टर निघून गेला.

परत येताना मी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. शाळेपाशी गाडी लावताना एवढंच म्हणाले, "त्या माणसाला वळवायला मला दोन महिने लागले होते."

मी आत्मचिंतनाचं पान नव्यानं लिहिलं. जे झालं ते सगळं. मुळे मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचलं, माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "हे फाईलला लावू नकोस. एक्स्टर्नल परीक्षक येणार आहेत. पहिलंच राहू दे." मला नोकरी हवी होती. मी पहिलंच राहू दिलं. इंटर्नशिपला मला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली.

चैत्रात टोळ्या परतल्या. तोवर माझं शाळेतलं काम संपलं होतं, पण मी एसटीनं गेले. मुक्ता दारात भांडी घासत होती. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच उरली होती. ऊस सोलताना कोयता लागला, असं तिच्या आईनं सांगितलं. भावाला सांभाळायला नेलेली पोर महिन्याभरातच उसाच्या फडात उतरली होती. शाळा फडापासून लांब होती. हमी कार्ड पेटीतून बाहेरच निघालं नव्हतं.

मी पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढून तिला दिलं. तिनं हात पदराला पुसल्यासारखे फ्रॉकला पुसले, पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं. पहिला शब्द तिला लागला नाही. तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा त्या दिवशीचा पाठ चांगला झालता का?"

मी हो म्हणाले. तिला खरंच बरं वाटलं.

सातवीत तिचं नाव पटावर होतं. ती फार दिवस आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा सानप सरांनी ग्रामसेवकाला घेऊन ते थांबवलं. मग त्या घरानं गावच सोडलं. कुठं गेले ते सरांनाही माहीत नाही.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहा वर्षं शिकवते आहे. साहेब तपासणीला येतात तेव्हा पटावरची सगळी मुलं वर्गात असतात आणि मी आधी न वाचणाऱ्यांनाच उठवते. ती अडखळतात, साहेब घड्याळ बघतात. शेरेबुकात माझ्या नावापुढं बहुतेक वेळा 'सुधारणेस वाव' असं लिहिलेलं असतं. तो शेरा खरा आहे, आणि वर्गातली सगळी मुलं बघून दिलेला आहे.