लहान चिंबोरी

मासळी बाजारात खाडीच्या चिखलाचा वास आला की मला कोपरीचं आमचं अंगण आठवतं. मला पहिली पाळी आलेली, पोट दुखत होतं, एका जागी बसवत नव्हतं, आणि आत्या आईला सांगत होती, "पोरगी शहाणी झाली, आता स्थळं बघायला लागा." बाबा शेजारीच चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत होते. त्यांनी एक लहान मादी उलटी करून आत्यासमोर धरली. "पोटाचं झाकण बघ, अजून निमुळतं हाय, गोल झालं नाय, म्हणजे वाढायचीय. अशी पोर मी खाडीत परत सोडतो, नि घरातली देऊन टाकू?" आत्याने स्थळांचा विषय सोडला. काल माझ्या लेकीला पाळी आली. आज सकाळपासून आत्याचा फोन येत होता. बाबा आता नाहीत. घरभर फेऱ्या मारून शेवटी मीच फोन उचलला. "आत्या, चिंबोरी अजून लहान आहे," मी म्हटलं.